पलीकडच्या फुटपाथवरचं कर्ज

हॉलिसनं मांस भाजायची भट्टी विकायला काढली, हे मला गिऱ्हाइकाकडून कळलं. सख्खा भाऊ, राहतो माझ्या सलूनच्या मागच्या घरात, भट्टी उभी माझ्या अंगणात, आणि मला सांगणार कोण, तर केस रंगवायला आलेली बाई! "व्हर्लीन, भावाचं बरं चाललंय ना गं? भट्टीवर पाटी लावलीय, विकणे आहे म्हणून," ती म्हणाली. मी रंगाचा ब्रश वाटीत टाकला आणि हातमोज्यांसकट मागच्या दारानं बाहेर पडले.

पाटी होतीच. पुठ्ठ्यावर, त्याच्याच गिचमिड अक्षरात. नऊशे डॉलर.

नऊशे! अहो, त्या भट्टीचं नुसतं धुराडं नऊशेचं असेल. गॅसची जुनी टाकी मधोमध कापून, बिजागऱ्या लावून, खाली चाकं बसवून ती त्यानं स्वतः वेल्डिंग करून बनवली होती. बायको सोडून गेली त्या हिवाळ्यात बनवली. मी म्हणायचे, बरं झालं, बाईपेक्षा ही जास्त ऊब देते. दर शनिवारी पहाटे तो ती पेटवतो आणि दुपारपर्यंत माझ्या अंगणात रांग लागते. अलीकडच्यांना डुकराच्या बरगड्या लागतात, पलीकडच्यांना बैलाचं मांस. तो दोन्ही करतो आणि दोघांची बोलणी खातो.

अलीकडचे-पलीकडचे म्हणजे काय, ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या टेक्सार्कानाच्या मधून स्टेट लाइनचा रस्ता जातो. अलीकडे आर्कान्सा, पलीकडे टेक्सास. गाव एक, महापौर दोन, पोलिस दोन, कायदे दोन. माझं सलून अलीकडे. हॉलिस शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो ते गॅरेज पलीकडे. दिवसातून चार वेळा रस्ता ओलांडतो माणूस, राज्य बदललं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

"काय रे हे?" मी विचारलं.

तो खुर्चीवर बसून चाकू घासत होता. वर न बघता म्हणाला, "जागा अडते, ताई."

"माझी जागा, माझं अंगण. मला नाही अडत, तुला कशी अडते?"

"पाठ दुखते आता. पहाटे उठवत नाही."

"पाठ दुखते तर मलम लाव. भट्टी कशाला विकतोस?"

तो चाकू घासत राहिला. हॉलिस गप्प बसला की त्याच्याकडून काही काढणं म्हणजे बाटलीतला अडकलेला बुचाचा तुकडा काढण्यासारखं. मी आत निघून आले. त्या बाईचे केस तोपर्यंत ठरल्यापेक्षा दोन छटा काळे झाले होते, तेही माझ्याच कपाळी आलं.

गुरुवारी सलूनचा फोन वाजला. एकीचं डोकं माझ्या हातात, बेसिनमध्ये, साबणाचा फेस कोपरापर्यंत. मी फोन खांद्यावर दाबून धरला.

"हॉलिस टेटमची बहीण का?" पलीकडून पुरुषाचा आवाज.

"तुम्ही कोण?"

"तुमच्या भावानं आमचे पैसे बुडवलेत. फसवणुकीचा गुन्हा आहे हा. त्याला सांगा, शनिवारपर्यंत भर, नाहीतर बेड्या पडतील."

मी घाबरले. पण घाबरले म्हणून माझं तोंड बंद पडत नाही, ते वेगळ्या यंत्रावर चालतं. मी त्याला त्याच्या आईनं काय शिकवलं इथपासून सुरुवात केली. तो अर्ध्यातच फोन ठेवून गेला. बेसिनमधली बाई ओरडली, "व्हर्लीन, पाणी! कानात!"

संध्याकाळी मी हॉलिसच्या पायरीवर जाऊन बसले. गोड थंड चहाचे दोन ग्लास नेले होते, म्हणजे त्याला पळून जाता येणार नाही. चहा हातात दिला की हा माणूस संपेपर्यंत उठत नाही.

"किती?" मी विचारलं.

"काय किती?"

"माझ्या दुकानात फोन आला होता. बेड्या म्हणे. किती घेतलेस?"

त्याचं तोंड असं उतरलं, की मला माझाच राग आला. म्हणाला, "सहाशे."

"सहाशेसाठी तू भट्टी विकतोस?"

"घेतले सहाशे. आतापर्यंत हजाराच्या वर गेलेत."

"मग फिटलं की, मूर्खा!"

"नाही ना. दर पगाराच्या दिवशी खात्यातून ते आपोआप कापून घेतात, पण ती नुसती मुदत वाढवायची फी. सहाशे जिथल्या तिथे उभे. परवा बघितलं, तर दंड धरून जास्तच झालेत."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मार्चमध्ये पिकअपचा गिअरबॉक्स गेला. गाडी नाही तर लाकडं आणता येईनात, मांस आणता येईना. पलीकडे त्या पगाराच्या भरवशावर रोख कर्ज देणाऱ्या दुकानांच्या पिवळ्या पाट्या आहेतच, पण तिथे आत शिरताना कुणी बघितलं असतं तर? आमचा हॉलिस चर्चमध्ये डीकन आहे. रविवारी दानाची थाळी तो फिरवतो आणि महिन्यातून एकदा उभा राहून अंथरूण बघून पाय कसे पसरावेत यावर बोलतो, चांगलं लांबलचक. त्याचा पिकअप त्या पिवळ्या पाटीखाली दिसला असता तर थाळीतली नाणीसुद्धा हसली असती. म्हणून त्यानं फोनमधल्या ॲपवरून कर्ज घेतलं.

"फोनवर भरताना राज्य निवडायला सांगतात," तो म्हणाला. "यादी उघडली. आपलं राज्यच नाही त्यात! अलाबामा आहे, अलास्का आहे, मग एकदम कॅलिफोर्निया. मला वाटलं विसरले असतील."

"मग?"

"मग मी टेक्सास दाबलं. पत्ता गॅरेजचा दिला. दिवसाचे आठ तास तिथेच असतो, म्हणजे राहतोच की एका अर्थी."

"एका अर्थी!"

"पण ताई, मला खोटं बोलायचं नव्हतं." चहाच्या ग्लासाकडे बघत तो म्हणाला, "म्हणून शेवटचं बटण दाबायच्या आधी मी रस्ता ओलांडला. टायरच्या दुकानासमोर, पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. तिथे उभं राहून दाबलं."

मला हसू आवरेना. माझा साठीला आलेला भाऊ, पांढरा रुमाल खिशात ठेवणारा, रहदारी थांबायची वाट बघून रस्ता ओलांडतोय, टेक्सासच्या फुटपाथवर दोन्ही पाय नीट ठेवतोय आणि मग प्रामाणिकपणे खोटं बोलतोय. मी हसत राहिले आणि तो बिचारा बघत राहिला. मग माझं हसणं कुठेतरी थांबलं.

"मी इथे होते, हॉलिस," मी म्हटलं. "भिंतीच्या अलीकडे. माझ्याकडे का नाही आलास?"

"तू दिले असतेस."

"दिलेच असते! मग?"

"आणि मंगळवारपर्यंत डोकं ओलं असलेल्या प्रत्येक बाईला कळलं असतं."

काय जीव जळला माझा! आयुष्यभर याचं केलं, आजारपणं काढली, घटस्फोटाच्या कागदांवर माझ्या टेबलाशी सह्या झाल्या, आणि हा मला असं म्हणतो. सलून म्हणजे काय बँकेचं लॉकर आहे? चार बायका बसतात, बोलणं होतं. मी ग्लास उचलले, त्याचा अजून अर्धा भरलेला होता तरी उचलला, आणि तरातरा घरी आले. (आता हे सगळं सांगतेय ते त्याला विचारून. तो इथेच बसलाय, हवं तर विचारा.)

पण झोपायच्या आधीच राग गेला, आणि शुक्रवारी सकाळी वकीलबाई आल्या.

जोएला फिंच तिचं नाव. गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या कचेरीत वकील आहे. दर दोन महिन्यांनी रंग लावायला येते आणि डोक्यावर चांदीच्या कागदाच्या पट्ट्या असताना जगाला शिव्या घालते, म्हणून आमचं जमतं. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "एका ओळखीच्या माणसाचं आहे हं. म्हणजे माझ्या ओळखीच्या नव्हे, ओळखीच्यांच्या ओळखीच्या."

"हॉलिसचं काय झालं?" ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"दुसऱ्या कुणासाठी तू आवाज खाली केल्याचं मी बघितलेलं नाही."

मग सांगितलं सगळं. फुटपाथचा भाग ऐकून ती इतकी हसली, की दोन पट्ट्या गळून पडल्या. मग ताठ बसली.

"आपलं राज्य त्या यादीत विसरून राहिलेलं नाही, व्हर्लीन. वर्षाला सतरा टक्क्यांच्या वर व्याज लावायचं नाही, असं आपल्या राज्याच्या घटनेतच लिहिलंय. घटनेत! हे लोक त्याच्या कितीतरी पट लावतात. म्हणून अलीकडे एकही पिवळी पाटी नाही, आणि म्हणूनच यादीत आपलं नाव नाही. आर्कान्साच्या माणसाला असं कर्ज दिलं तर इथे ते कोर्टात टिकवणं त्यांना कठीण."

"मग झालंच की!"

"थांब. हा शहाणा स्वतःच्या हातानं टेक्सासचा झालाय. पलीकडे हा धंदा चालतो. ते म्हणतील, आम्हाला काय माहीत हा कुठला, यानं सांगितलं ते आम्ही धरलं. मग भांडण लांबेल. त्यांना ठाऊक होतं, तो अलीकडचा आहे हे पक्कं ठाऊक होतं, असं दिसलं तर गोष्ट वेगळी. तोवर एक कर. त्याला म्हणावं बँकेत जा आणि त्यांचं परस्पर कापणं बंद कर. तेवढा त्याचा हक्क आहेच."

मी पळतच गॅरेजला गेले. हॉलिस बसखाली झोपला होता, नुसते बूट दिसत होते. बुटांना सगळं सांगितलं.

बूट म्हणाले, "मी नाही जाणार."

"का?"

"पत्ता खोटा मी लिहिला. घेतले मी, खर्च मी केले. आता कायद्याच्या आडून बुडवू? ताई, मी रविवारी तिथे कोणत्या तोंडानं उभा राहू?"

"अरे, दुप्पट दिलेस तू त्यांना!"

"कबूल केलं तेवढं दिलं नाही अजून." तो सरकत बाहेर आला, तोंडाला ग्रीस लागलेलं. "भट्टी उद्या जातेय. शाळेतली रेनीटा घेणार आहे. एकदम सगळे भरून मोकळा होतो. तू आता काही करू नकोस. माझ्यासाठी एवढं कर, काही करू नकोस."

मी हात टेकले. भट्टीशिवायचा हॉलिस माझ्या डोळ्यांसमोर आला, शनिवारी पडदे ओढून टीव्हीसमोर बसलेला, आणि मला रडूच फुटलं. बायको गेली तेव्हा असाच बसायचा. त्या भट्टीनं त्याला बाहेर काढलं होतं, मी नाही.

शनिवार उजाडला. भट्टीची आमच्या अंगणातली शेवटची पेटवण, म्हणून रांग नेहमीपेक्षा मोठी. लोक असे चेहरे करून उभे, जणू कुणाला पोचवायला आलेत, पण ताटं मात्र दोन-दोन मागत होते. वकीलबाईही आल्या, नव्या रंगाच्या केसांत, आणि ताट घेऊन मुद्दाम भट्टीजवळच्या बाकावर बसल्या.

रेनीटा सकाळपासूनच आली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते ती, पलीकडच्या शाळेत. मुलांना सुट्टी लागली की या बायकांचा पगार बंद. दर उन्हाळ्यात कुणाची धुणी, कुणाची म्हातारी माणसं सांभाळून ती तीन पोरांना जगवते. यंदा तिनं ठरवलं होतं, स्वतःची भट्टी घ्यायची आणि शनिवार-रविवार मांस विकायचं. हात चांगला आहे तिचा. हॉलिस तिला लाकूड कसं रचायचं ते दाखवत होता, आणि दाखवताना त्याचा आवाज मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता.

"हे झाकण उघडताना थोडं उचलायचं आणि मग ओढायचं. जबरदस्ती केलीस तर रुसते."

"बरं, हॉलिसभाऊ."

"आणि हिकरीचंच लाकूड. कुणी राळ गळणारं पाइन आणून दिलं तर त्याच्याच डोक्यात घाल."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. लाकडाच्या फळीवर, चाकूशेजारी. त्याचे दोन्ही हात चरबीनं माखलेले. "वाजू दे," तो म्हणाला. पण मी उचललाच. काही करू नकोस म्हणाला होता, फोन उचलू नकोस असं थोडंच म्हणाला होता? लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून मी भट्टीच्या मागे वकीलबाईंच्या बाकाशी गेले आणि स्पीकर लावला. आग सारायला रेनीटा तिथेच होती.

"मी ऑफिसर ग्रँट," तोच आवाज.

"कसले हो ऑफिसर? पोस्टातले?"

"बाई, थट्टा पुरे. दुपारपर्यंत सगळी रक्कम आली नाही तर मिलर काउंटीचा शेरीफ बेड्या घेऊन तुमच्या भावाच्या दारात उभा असेल."

मी तोंड उघडलं, आणि एकदम मला उजेड पडला. मिलर काउंटी म्हणजे आम्ही. अलीकडचे. मी वकीलबाईंकडे बघितलं. त्यांनी बरगडी खाली ठेवली होती आणि बोट फिरवून खूण करत होत्या, चालू ठेव, चालू ठेव.

मी आवाजात मध घातला. "मिलर? अहो, तुमची काहीतरी गल्लत होतेय. माझा भाऊ तर टेक्सासचा. तिथे बोवी काउंटीचा शेरीफ. तुमच्याकडे तसंच लिहिलंय ना?"

"मला शिकवू नका!" ऑफिसरसाहेब तापले. "त्याचं आर्कान्साचं लायसन्स माझ्यासमोर पडद्यावर आहे. कर्ज दिलं त्या दिवसापासून आहे. सलूनच्या मागचं घर. तो कुठे राहतो ते आम्हाला माहीत नाही, असं वाटलं काय?"

"नाही हो, तसं कसं वाटेल," मी म्हटलं.

वकीलबाईंनी हात पुसून फोन घेतला. "ऑफिसर, नमस्कार. मी जोएला फिंच, हॉलिस टेटम यांची वकील. तुमचं आत्ताचं वाक्य इथे तिघींनी ऐकलंय. अजून एकदा म्हणाल का? मला लिहून घ्यायचंय."

फोन इतका पटकन बंद झाला, की आम्हाला हसायलाही वेळ मिळाला नाही.

हॉलिसला मी बाहीला धरून मागे ओढून आणलं. वकीलबाईंनी सांगितलं, तो ऐकत राहिला. कर्ज देताना कंपनीनं लायसन्सचा फोटो मागितला होता आणि यानं तो दिला होता, हे तो विसरूनच गेला होता.

"पण पत्ता मी..."

"तू चुकीचा पत्ता लिहिलास, ती तुझी चूक," वकीलबाई म्हणाल्या. "खरा पत्ता हातात असताना त्यांनी चुकीचा धरला, तो त्यांचा धंदा. चूक आणि धंदा यातला फरक तुला कळतो ना? यादीत आपलं राज्य नाही, कारण इथे द्यायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून दिलं, आणि तुला चोर ठरवून घाबरवलं. निकालाची हमी मी कुणालाच देत नाही. पण सोमवारी आपण बँकेत जाऊ आणि मग तक्रार करू, आणि मला नाही वाटत हा ऑफिसर तुला पुन्हा फोन करेल."

हॉलिस उपड्या बादलीवर बसला. चरबीच्या हातांनी त्यानं तोंड झाकलं. मग बोटांतून म्हणाला, "ताई, दोन महिने मी नीट झोपलो नाहीये."

मी त्याच्या टकलावर हात ठेवला. अजून काय करणार होते?

"व्हर्लीनताई," मागून रेनीटा म्हणाली. हातात आगीतला लोखंडी गज तसाच. "त्या कंपनीचं नाव काय?"

मी सांगितलं.

"माझी वेगळी आहे," ती म्हणाली. "पण ॲप तसंच. पैसे दोन मिनिटांत आले. नऊशे."

मग तिनं घाईघाईनं सांगितलं, काल दुपारी घेतले, उन्हाळ्यात भट्टी चालली की फेडेन असा हिशेब केला होता. "पण ते चालत नाही ना आता? कायद्यात बसत नाही ना, वकीलबाई? मग माझंही रद्द होईल ना?"

"तू राहतेस कुठे, बाळ?" वकीलबाईंनी विचारलं.

"पलीकडे. शाळेच्या मागच्या गल्लीत."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "पलीकडे ते चालतं, रेनीटा."

चाळीस पावलांचा तो रस्ता. तीच कर्जं, तेच फोन, तेच ऑफिसर. मला त्या रस्त्याचा इतका राग कधी आला नव्हता.

"फोन दाखव," वकीलबाई म्हणाल्या. बारीक अक्षरं वाचत खाली खाली गेल्या. "आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळे परत केलेस तर फी नाही, व्याज नाही, काही नाही. पण सगळे. एक डॉलर कमी पडला तर नाही."

रेनीटा भट्टीकडे बघत होती. "मग माझा उन्हाळा?" ती म्हणाली.

तेव्हा हॉलिस उठला. रांगेतली माणसं आता आमच्याकडेच बघत होती, कारण अर्धा तास कुणाला मांस मिळालं नव्हतं. तो हळू बोलला असता तरी चाललं असतं. तो हळू बोलला नाही. रविवारच्या आवाजात बोलला.

"रेनीटा, मी मार्चमध्ये सहाशे घेतले. हजाराच्या वर भरले. तरी ते सहाशे अजून माझ्या बोकांडी बसलेत. मी, डीकन टेटम. फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन बसायचो. ही भट्टी मी त्यांच्या तोंडात घालायला निघालो होतो. तू आज परत कर. आजच."

ज्या माणसानं आयुष्यभर आपलं दुखणं कुणाला कळू दिलं नाही, त्यानं ते अख्ख्या अंगणाला ऐकवलं. पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा फक्त मान हलवत राहिला, आणि मला वाटतं, त्यालाही काहीतरी माहीत होतं.

"भट्टी विकायची नाही," हॉलिस म्हणाला. त्यानं पुठ्ठ्याची पाटी काढून आगीत सारली. "उन्हाळाभर शनिवार-रविवार तू ये. बैलाचं तू कर, डुकराचं मी. येईल ते निम्मं निम्मं."

रेनीटा रडायला लागली, मग हसायला लागली, मग एप्रनच्या खिशातून लिफाफा काढला. "सातशे इथे आहेत. नेऊन भरते. आणि काल रात्री फोनवरून पाठवलेला बयाणा, हॉलिसभाऊ. ते दोनशे."

हॉलिसचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं. त्यानं फोन उघडून बघितला, उगाच, कारण त्यालाही ठाऊक होतं. तिचे दोनशे रात्री त्याच्या खात्यात आले होते. पहाटे त्याच्या कर्जाच्या कंपनीनं ते थकलेल्या दंडापोटी कापून नेले होते. एका ॲपमधून निघाले, आमच्या भट्टीला वळसा घालून दुसऱ्या ॲपच्या पोटात गेले. त्याच्या खात्यात अकरा डॉलर होते.

आणि आजची गल्ल्यातली कमाई? ती मांसवाल्याची, उधारीवर आणलेलं होतं सगळं. हातात आले तसे पैसे त्यानं मांसवाल्याला आधीच चुकते केले होते, भट्टी जाणार म्हणून.

लोक बघत होते. रेनीटा बघत होती. एकदा मला वाटलं, हा आता म्हणेल सोमवारी देतो, कुठूनतरी करतो, आणि पुन्हा त्या फुटपाथवर जाऊन उभा राहील. मी जीभ दाताखाली धरली. देवाशपथ धरली. मी आधी बोलले असते, तर ते मी दिलेले झाले असते.

हॉलिसनं खिशातला पांढरा रुमाल काढून हात पुसले, एकेक बोट. मग माझ्याकडे वळला.

"ताई," तो म्हणाला. "मला दोनशे डॉलर दे."

पन्नास-साठ वर्षांत पहिल्यांदा. लहानपणी सायकल मागितली नाही त्यानं, घटस्फोटात घरभाडं मागितलं नाही. मागितले ते दोनशे डॉलर, मोठ्यानं, सगळ्या गावासमोर.

मी सलूनमध्ये गेले. गल्ला उघडला. नोटा दोनदा मोजल्या. बाहेर आले, त्या त्याच्या तळव्यावर ठेवल्या, आणि त्याची बोटं त्यावर मिटवली. बोलायला माझ्याकडे हजार गोष्टी होत्या. एकही बोलले नाही.

हॉलिस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग काळजीनं वाकून म्हणाला, "ताई, बरी आहेस ना तू?"